न दिलेली वर्दी

कोपरीचा पाटील राघो जन्ममृत्यूच्या वर्दीबाबत इतका कडक होता की गावातले लोक त्याला पाठीमागे चित्रगुप्त म्हणत. साष्टी तालुक्यातल्या गावांचे पाटील महिन्याच्या शेवटी चावडीत तलाठ्यासमोर बसायचे आणि गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते सांगायचे. बहुतेक जण आठवेल तेवढं सांगून मोकळे व्हायचे. मुलगी झाली असेल तर पुष्कळदा आठवायचीच नाही. राघो मात्र घरोघर फिरायचा. बाळंतिणीच्या दारात उभा राहून विचारायचा, स्मशानातल्या राखेचीही खातरी करायचा.

काळुराम नावाच्या आगऱ्याच्या घरी एकदा मूल झालं आणि चार दिवसांत गेलं. काळुरामाने त्याची कुठेच वाच्यता केली नाही. राघो त्याच्या ओटीवर जाऊन बसला.

"वर्दी दे, काळुराम."

"कशाची वर्दी? नाव पन ठेवला नव्हता त्याला."

"जन्मला होता ना? मंग जन्मला बोल. मेला, तं मेला बोल."

आतून काळुरामाच्या बायकोचं रडणं ऐकू आलं. काळुरामाने दोन्ही गोष्टी कशाबशा उच्चारल्या आणि पाटलाकडे पाठ फिरवली. पाटलाच्या छातीत दगड आहे, असं गावात पुढे कितीतरी दिवस बोललं जात होतं. त्या दिवशी राघो घरी येऊन जेवला नाही. बायकोने कारण विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाला. खरं कारण त्याने अनेक वर्षं कुणालाच सांगितलं नाही.

ते कारण मोठ्या दुष्काळाच्या वेळचं होतं. देशावर सलग पिकं बुडाली होती आणि नगर, पुणे, सातारा या भागातून माणसं घाट उतरून कोकणात येत होती. राघो तेव्हा नुकताच पाटील झाला होता. त्याची बायको बायजा हिची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथ्या खेपेला ती टिटवाळ्याजवळ माहेरी बाळंत झाली आणि मुलगी झाली. राघोने कोपरीत साखर वाटली आणि चावडीत जाऊन मोठ्या आवाजात वर्दी दिली, "कमळी, बापाचं नाव राघो." मुलगी नाजूक होती म्हणून बायजा माहेरीच राहिली. राघो अधूनमधून जाऊन भेटून यायचा. कोपरीतल्या कुणी ती मुलगी पाहिली नव्हती.

दहा महिन्यांची झाल्यावर कमळीला ताप भरला आणि ती गेली. निरोप मिळून राघो पोचेपर्यंत बायजाच्या भावाने, पंढरीने, तिला नदीकाठी पुरलं होतं. काही दिवसांनी राघो बायजाला घेऊन निघाला. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. गाठोड्यात मुलीची दुपटी होती, ती टाकून द्यायलाही तिने नकार दिला.

कल्याणला दोघं ठाण्याच्या गाडीसाठी थांबली. स्टेशनाबाहेर आणि धर्मशाळेच्या भिंतीला टेकून दुष्काळी माणसं पडली होती. कुणी उकिडवं बसलं होतं, कुणी निपचित होतं. पटकीची साथ सुरू झाली होती. राघो तिकिटं काढायला गेला. तेवढ्यात एका बाईने बायजाच्या मांडीवर आपलं मूल ठेवलं.

"येवढं धरा, बाई. पानी पिऊन येते."

ती बाई चार पावलांवर कोसळली. आजाऱ्यांना उचलून नेणारी माणसं आली आणि तिला झोळीत घालून गावाबाहेरच्या छपराकडे घेऊन गेली. राघो परत आला तेव्हा बायजाच्या मांडीवर वर्षदीड वर्षाची मुलगी होती, पण अंगावर मांस नसल्याने दहा महिन्यांचीच वाटत होती. तिने बायजाचा पदर दोन्ही मुठींत धरला होता.

"हिची आय छपरान नेली," बायजा म्हणाली. ती बऱ्याच दिवसांनी बोलली होती. "जा ना, बघून या."

राघो छपरापाशी गेला. दारावर एक माणूस चुन्याची घमेली रिकामी करत होता. राघोने आताच आणलेल्या बाईचं विचारलं.

"आत गेल्याली बाहेर येतात का?" तो माणूस वर न बघता म्हणाला. "तू आत जानार असशील तर जा."

राघो आत गेला नाही. आत कण्हणं चालू होतं, वास येत होता, आणि गाडीची वेळ झाली होती. तो परत येऊन बायजाला म्हणाला, "गेली ती."

त्याने ते पाहिलं नव्हतं. गेली असेल असं त्याला वाटलं होतं, आणि बायजाच्या मांडीकडे बघून, ती गेलेली असेल तर बरं, असंही वाटलं होतं. बायजा त्या अनोळखी बाईसाठी रडली आणि मग मुलीला पदराखाली घेतलं.

"पोलिसान द्याला पायजे हिला," राघो म्हणाला.

"उद्या द्या," बायजा म्हणाली.

गाडीत मुलगी रडायला लागली तशी बायजा तिला थोपटत "कमळे, कमळे" म्हणू लागली. राघोने तिला थांबवलं नाही. ठाण्याला उतरल्यावर कोपरीचा एक म्हातारा समोर आला. मूल बघून त्याचा चेहरा उजळला.

"पाटलाची लेक का रं ही?"

बायजाने राघोकडे पाहिलं. राघो म्हणाला, "हां, माझीच."

तो उद्या आलाच नाही. माहेरच्यांना खरं ठाऊक होतं, पण बायजाकडे बघून पंढरीने तिकडच्या सगळ्यांना गप्प ठेवलं. महिन्याच्या शेवटी राघो चावडीत बसला. तलाठी गोपीनाथपंतांनी मृत्यू विचारले. राघोने गावातले तीन सांगितले आणि थांबला. चौथं नाव जिभेवर होतं. ते सांगितलं असतं तर घरातली मुलगी कोण, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं असतं, सरकारला आणि त्याहून आधी जातीला. कुठल्या गावची, कुठल्या जातीची, कुणाच्या पोटची, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं.

"झाले?" पंतांनी विचारलं.

"झाले."

अशा रीतीने त्याची पोटची मुलगी कागदावर जिवंत राहिली आणि दुसऱ्याची मुलगी तिच्या नावाने वाढू लागली.

मिठागरांचं काम आवरत आलं असताना एके दिवशी पाटलाच्या अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरचे केस आजाराने गळून विरळ झाले होते. लुगड्याला इतकी ठिगळं होती की मूळ रंग कळत नव्हता. बायजा परसात भांडी घासत होती आणि मुलगी आत पाळण्यात झोपली होती.

"पाटील तुमीच का?" ती म्हणाली. "म्या ठकू. पारनेराकडची, धनगराची. माजं लेकरू हरवलंय."

राघो ओटीवर बसला होता.

ठकूने सगळं सांगितलं. मेंढरं मेली, मग नवरा माळशेज घाटात दगावला. कल्याणला तिला पटकी झाली. छपरातून ती जिवंत बाहेर पडली तेव्हा मूल नव्हतं. हनुवटीवर गोंदलेल्या एका बाईच्या मांडीवर तिने ते ठेवलं होतं. ती बाई ठाण्याच्या गाडीत चढली, असं एका हमालाने सांगितलं. तेव्हापासून ठकू ठाण्याच्या आसपासची गावं पायी फिरत होती.

"गावात कोन जल्मलं, कोन मेलं, कुनाच्या घरात किती पोरं, ते पाटलाला ठावं असतंय म्हनत्यात. म्हून पर्तेक गावात पाटलाकडंच जाते. साळू नाव तिचं. कुनाच्या घरी नवं लेकरू आलंय का हो?"

"नाय," राघो म्हणाला. "आमच्या गावान नाय."

तेवढ्यात आत मुलगी जागी झाली आणि रडू लागली. ठकूने मान वळवली, एक पाऊल पुढे टाकलं. राघो उठून दारात आला.

"तुमची का?"

"माझी."

ठकू तिथेच थांबली. तिने पदर छातीशी आवळून धरला. "कुनाचंबी रडनं ऐकलं की पान्हा दाटतो बगा. आता मला समद्या लेकरांचा आवाज तसाच वाटाया लागलाय." मग दाराकडे बघून ती म्हणाली, "औक्षवंत व्हवो तुमची लेक."

राघोने तिला पाणी दिलं. तिच्याकडे न बघता त्याने तांब्या जमिनीवर ठेवला. ठकूने पाणी पिऊन तोंड पुसलं.

"माजं नाव लिवून ठेवा, पाटील. ठकू, गाव पळसवाडी, तालुका पारनेर. लेकीचं नाव साळू. कुटं सापडली तर…"

"ठेवतो."

"कुटं बगू आता? तुमाला काय वाटतं?"

राघोला फक्त ती अंगणातून जायला हवी होती. "टाकलेली पोरां मुंबईला नेतात बोलतात," तो म्हणाला. "तिकडं बघ जा."

ठकूने त्याच्या पायाला हात लावून नमस्कार केला आणि मुंबईच्या वाटेने गेली. बायजा हात पुसत परसातून आली.

"कोन आलता?"

"दुष्काळी बाई. पानी मागत होती."

राघोने ठकूचं नाव कुठेच लिहून ठेवलं नाही. लिहायची गरजच पडली नाही. ठकू, पळसवाडी, पारनेर, साळू हे शब्द त्याला झोपेतून जागं केलं असतं तरी म्हणता आले असते.

कमळी वाढली. देवी टोचणारा कारकून गावात आला तेव्हा तिचा दंड बघून म्हणाला, "हिला आधीच टोचलंय की. कुणी टोचलं?" दंडावर जुने, भरून आलेले वण होते. देशावर कधीतरी टोचलेली होती ती. राघो म्हणाला, "मामाच्या गावाला." कारकून पुढच्या मुलाकडे वळला. राघोला मात्र त्या दिवसापासून मुलीच्या उघड्या दंडाकडे बघणं नको वाटू लागलं.

बघण्यासारखी मुलगी होती ती. मोठ्याने हसायची, खाडीच्या चिखलात मुलांच्या बरोबरीने निवट्या मासळी पकडायची. संध्याकाळी राघो मिठाच्या आगरावरून येताना ती रस्त्यात उभी असायची. तो तिच्या हातात काहीतरी खाऊ द्यायचा आणि झपाझप पुढे चालायचा. उचलून घेतलं की त्याला ठकू आठवायची. कमळीने एकदा आईला विचारलं, "बा माझ्यावं रागावलाय?" बायजा म्हणाली, "तुझा बा तसाच हाय गं." ज्या मुलीसाठी त्याने एवढं केलं होतं, तिला मांडीवर घेऊन बसण्याचं सुख त्याने एकदाही घेतलं नाही.

एकदा तो कामाच्या निमित्ताने कल्याणला गेला आणि स्टेशनावरच्या हमालांना ठकूबद्दल विचारलं. ती मुंबईत अनाथ मुलांच्या घरांपुढे बसून असते, असं एकाने ऐकलं होतं. म्हणजे ती दूर आहे, हे कळून राघोला बरं वाटलं. परतीच्या वाटेवर त्या बरं वाटण्याचीच त्याला इतकी किळस आली की तो गाडीतून उतरून खाडीच्या पुलापाशी बराच वेळ बसून राहिला. बायजाला सांगून टाकावं असं त्याला तेव्हा वाटलं होतं. घरी आला तर बायजा मुलीच्या केसांना तेल लावत होती आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या. तो हातपाय धुऊन जेवायला बसला.

वर्दीचा कडकपणा त्याच सुमारास त्याच्या अंगात शिरला. आपण एक वर्दी चोरली, निदान बाकीच्या तरी सुटू नयेत, असं काहीतरी त्याच्या मनाने घेतलं असावं. मामलेदारांनी भर कचेरीत त्याचं कौतुक केलं. राघो खाली मान घालून उभा राहिला आणि लोकांना तो विनय वाटला.

कमळी लग्नाची झाली. डोंबिवलीकडच्या जोमा आगऱ्याच्या मुलाशी तिचं ठरलं. सुपारी फुटली. बायजा दिवसभर पापड लाटायला, डाळी निवडायला बायका जमवू लागली. अशा गडबडीत एका दुपारी अंगणात ठकू आली.

राघोने तिला चालीवरून ओळखलं. केस पुन्हा आले होते, पण पांढरे.

"वळखलं का, पाटील? तुमी माजं नाव लिवून घेतलं होतं."

"बस," राघो म्हणाला.

ती ओटीच्या कडेला बसली. मुंबईत तिने बरीच वर्षं काढली होती. पोरं ठेवलेल्या प्रत्येक घराच्या दारात बसून पाहिलं. मग आशा सोडून गावी गेली. पण गावाने तिला आत घेतलं नाही. दुष्काळात हिने पोर विकून पोट भरलं, अशी बोलवा कुणीतरी आधीच उठवली होती. सख्खा दीर म्हणाला, लेकरू मेलं म्हणतेस तर कुठं मेलं ते दाखव.

"म्हून तुमच्याकडं आले," ठकू म्हणाली. "तुमी मरनं लिवता. माज्या साळूचं मरान लिवून द्या. कल्यानला पटकीनं मेली म्हना. त्यो सरकारी कागुद गावात दाकवला तर मला लेक विकनारी तरी कुनी म्हननार न्हाई. तिचं दिवसबी घालता येतील. तिला शोदून शोदून दमले, पाटील. आता मारून टाका तिला."

राघो ऐकत होता. आत बायकांचं बोलणं चाललं होतं, त्यात कमळीचा आवाज वेगळा ऐकू येत होता. लिहून द्यायला कठीण काही नव्हतं. तलाठ्याला सांगून एखादा दाखला मिळवता आला असता. मग ठकू गेली असती, कायमची. कमळी लग्न होऊन डोंबिवलीला गेली असती आणि हे सगळं संपलं असतं. राघोने तसं करायचं ठरवलंही. तो म्हणाला, "लिहून देतो." आणि ठकूने पहिल्या वेळेसारखाच वाकून त्याच्या पायाला हात लावला.

तो हात लागताच राघोने पाय मागे घेतले.

"नको लावू हात," तो म्हणाला. "साळू मेली नाय. माझ्या घरान हाय ती. तू पयल्यांदा आलीस तवा रडत होती ना, तीच ती."

ठकूला आधी कळलंच नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. राघोने पुन्हा सांगितलं, छपरापासून सगळं, आणि आपली मुलगी मेली होती तेही. बोलत असताना त्याला दारात बायजा उभी दिसली. तिच्या हाताला पीठ लागलं होतं.

"तुमी बोलले, गेली ती," बायजा म्हणाली. "मी तिच्यासाठी दरसाल पितरांना पान वाढत आले. जित्या बाईला?"

बायजा त्याच्यापाशी जायचं सोडून ठकूपाशी येऊन खाली बसली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. ठकूने तिच्या हनुवटीवरचं गोंदण पाहिलं आणि बोट लावलं.

"तुमीच धरलं होतं तिला," ती म्हणाली.

"मना ठाव नव्हता गं, बाय. देवाशप्पत ठाव नव्हता."

बायजानेच कमळीला हाक मारली आणि सगळ्या बायकांच्या देखत सांगितलं. राघो सांगणार होता, पण बायजा म्हणाली, "तुमी गप बसा. तुमचा बोलना झाला." कमळी ठकूकडे गेली नाही. ती बायजाच्या पाठीमागे लपली आणि तिथून बापाकडे बघत राहिली. ठकूने तिला ओढलं नाही, रडलीही नाही. फक्त तिचा दंड हातात घेऊन वण पाहिले आणि म्हणाली, "आमच्याकडं सुप्याला टोचलं होतं. लई रडली होती."

दुसऱ्या दिवशी राघो चावडीत गेला. गोपीनाथपंत म्हातारे झाले होते. राघो म्हणाला, "माझी एक वर्दी राहिलीय. कमळी, बापाचं नाव राघो, वय दहा महिने. तापाने मेली." एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडू लागला. आपल्या मुलीसाठी तो तेव्हा पहिल्यांदा रडला.

पंतांनी सगळं ऐकून घेतलं. "मग आता ही जी आहे, ती कोण लिहू?"

"साळू. आयचं नाव ठकू."

"ती या गावात जन्मली नाही, राघो. मला लिहिता येणार नाही."

म्हणजे खरं सांगितल्यावर मुलगी कागदावर उरलीच नाही. पारनेराच्या बाजूला दुष्काळाच्या सालातलं काही धड राहिलं नव्हतं. ती कोण, हे सांगायला दोन बायकांच्या तोंडच्या शब्दाशिवाय काही नव्हतं.

मामलेदारांनी राघोची पाटीलकी काढून घेतली. तुरुंगात धाडत नाही हेच उपकार समज, असं म्हणाले. राघोला तुरुंग बरा वाटला असता. जोमाने सुपारी मोडली. जातीने राघोच्या घरी पाणी पिणं बंद केलं. काळुराम एके दिवशी कुंपणापाशी आला. तो आता काय बोलेल ते ऐकायला राघो तयार होऊन उभा राहिला. काळुराम एकदा त्याच्याकडे बघून पाठ फिरवून निघून गेला. ते राघोला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

ठकूची एकच मागणी होती. मुलीला एकदा आपल्या गावात नेऊन सगळ्यांसमोर उभी करायची. साळू एकटी जायला तयार नव्हती, म्हणून बायजा बरोबर निघाली. राघो म्हणाला, "मी पन येतो. मीच चुकलो ते सांगतो."

"तुमचा खरा कोन धरील?" बायजा म्हणाली. "मी सांगन."

तिघी मुरबाडवरून घाट चढून गेल्या. पळसवाडीच्या चावडीवर बायजाने उभं राहून सांगितलं की ही मुलगी या बाईने विकली नाही, माझ्या मांडीवर विश्वासाने ठेवली होती. तिथल्या पाटलाने मुलीला विचारलं, "तुझी आई कोण?" साळूने दोघींचेही हात धरले होते. एक सोडून एक दाखवायचं तिला जमलं नाही. शेवटी पाटीलच म्हणाला, "असू दे. हात सोडू नकोस." दिराने वहिनीला घरात घेतलं.

बायजा महिनाभर राहिली आणि एकटीच परत आली. साळू तिथेच राहिली होती, आपल्या मनाने. ठकूजवळ थोडी राहते, असं ती म्हणाली होती. ते थोडं पुढे वाढत गेलं. तिचं लग्नही तिकडेच झालं, एका चांगल्या घरी. बायजा लग्नाला जाऊन आली. राघोला बोलावणं नव्हतं.

बायजाने राघोला सोडलं नाही. त्याचं जेवण वेळेवर वाढायची, आजारपणात पाय चेपायची. पण तो काही सांगू लागला की ती विचारायची, "बघून सांगताय, का उगाच?" त्यात टोमणा नसायचा. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं, आणि म्हणूनच राघोला त्याचं दुःख व्हायचं.

जातीने पुढे त्यांना परत घेतलं. राघो दुसऱ्याच्या आगरावर मीठ ओढायला जाऊ लागला. पाय खाऱ्या पाण्याने फुटले. गावात नवा पाटील आला, तो आठवेल तेवढ्या वर्द्या द्यायचा.

साळू दरवर्षी एकदा बायजाला भेटायला येऊ लागली. कधी ठकू बरोबर असायची. दोघी आया ओटीवर बसून सुखदुःखाचं बोलायच्या आणि राघो आगरावरच वेळ काढायचा. साळू त्याच्याशी वाईट वागत नसे. पाणी दे म्हटलं तर द्यायची. आपणहून मात्र बोलायची नाही.

एका खेपेला ती कडेवर मूल घेऊन आगरावर आली. ऊन चढलं होतं. राघो लांब दांड्याच्या फळीने मिठाचे ढीग लावत होता. ती बांधावर बसली.

"बा, एक विचारू?"

"विचार."

"तिकडची आय त्या दिवशी आली नसती, तर तू मना कधी सांगितला असतास?"

राघोने फळी खाली ठेवली. गेली कित्येक वर्षं तो या प्रश्नाची वाट बघत होता आणि त्याने उत्तरंही जमवून ठेवली होती. लग्न झाल्यावर सांगणार होतो, मरताना सांगणार होतो. त्यातलं एकही त्याला बोलवेना.

"नसता सांगितला," तो म्हणाला. "कधीच नाय."

मुलाने मिठाचा खडा तोंडात घातला होता, तो तिने बोटाने काढून टाकला.

"मना पन तसाच वाटलेला," ती म्हणाली.

मूल राघोकडे झेपावू लागलं. तिने ते त्याच्याकडे दिलं नाही, मागेही ओढलं नाही. राघोने आपले खारट हात धोतराला पुसले, पण पुढे केले नाहीत. मग ऊन लागतंय म्हणून ती उठली आणि बांधावरून घराकडे चालू लागली. पुन्हा कधी येशील, हे विचारावंसं त्याला वाटलं. पण ते विचारायचा हक्क आपला नाही, असं मानून त्याने फळी उचलली. बांधाच्या टोकाला तीच थांबून म्हणाली, "शिमग्याला येन. आयला सांग."

"सांगतो," राघो म्हणाला.

त्याने खरंच तसं घरी जाऊन सांगितलं. बायजाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग काही न विचारता शिमग्यासाठी तांदूळ वेगळे काढून ठेवले.